दवाखाना सांभाळून शिकायचं कसं? पशुवैद्यकांच्या पदवीनंतरच्या शिक्षणाबद्दल

माणदेशी_पशुवैद्य

नमस्कार. गेल्या पावसाळ्यातली एक केस अजून मनातून जात नाही. तिच्यापासूनच सुरुवात करते.

रात्री साडेदहाला वस्तीवरून फोन आला. मुऱ्हा म्हैस, तिसरं वेत, दिवस भरलेले. आदल्या दिवसापासून कळा देत होती, आता थंड पडली होती, पाणमोट दिसलीच नव्हती. हात घातला तर योनिमार्गाच्या घड्या उजवीकडे वळत गेलेल्या. गर्भाशयाला पीळ. निदानात चूक नव्हती. मालक, त्याची दोन मुलं आणि शेजारचे चौघे जमवून म्हैस पाडली आणि तीनदा लोळवली. नुसतीच लोळवली, पोटावर फळी न ठेवता. पीळ सुटला नाही. पहाटे डाव्या कुशीतून सीझर केलं. रेडकू मेलेलं होतं, गर्भाशय काळंनिळं पडलेलं. तिसऱ्या दिवशी म्हैस गेली. घरातल्या बाई मला काही बोलल्या नाहीत. चहा घ्या म्हणाल्या.

पुढे हिवाळ्यात मी रजा टाकून पाच दिवसांच्या एका प्रशिक्षणाला परराज्यात गेले. तिकडे म्हशी जास्त, त्यामुळे अशा केसेसचा राबता असतो. पाच दिवसांत चार पीळ पाहिले, त्यातल्या दोन ठिकाणी मी स्वतः फळीवर उभी राहिले. शेफरची सुधारित पद्धत म्हणतात ती हीच. पीळ ज्या बाजूचा, त्याच बाजूवर जनावर पाडायचं. लांब फळीचं एक टोक वरच्या कुशीवर आणि दुसरं जमिनीवर. फळीवर माणसाने वजन द्यायचं आणि जनावर पिळाच्याच दिशेने लोळवायचं. फळीच्या दाबाने आतलं वासरू आणि गर्भाशय जागच्या जागी धरलं जातं आणि शरीर त्याच्याभोवती फिरतं, म्हणून पीळ उलगडतो. मी फळीविना लोळवत होते तेव्हा म्हशीबरोबर गर्भाशयही फिरत असणार. प्रत्येक लोळवणीनंतर पुन्हा हात घालून पाहायचं. दोन-तीन प्रयत्नांत सुटलं नाही तर हट्ट सोडायचा आणि म्हशीच्या अंगात त्राण असतानाच सीझरला लागायचं. म्हशीत डाव्या कुशीपेक्षा पोटाच्या खालच्या तिरक्या बाजूने छेद घेतला तर गर्भाशय बाहेर घेणं किती सोपं जातं, तेही तिथेच बघितलं.

यातलं काहीच नवं नाही. मी विद्यार्थिनी होते तेव्हाही ही पद्धत पुस्तकात होती. एका तासात आकृतीसह शिकवून झाली होती, इंटर्नशिपमध्ये तशी केस आली नाही, आणि नंतर १९ वर्षं मी पहिल्यांदा जसं केलं तसंच करत राहिले. माझं काम चुकतंय हे मला सांगणारं भोवती कुणी नव्हतं. दवाखान्यात मी एकटीच डॉक्टर. म्हैस वाचली तर हातगुण आला, मेली तर वेळ झाला होता. दोन्हीतून मी काही शिकले नाही.

म्हणून विचारते. तुम्ही कामाला लागल्यापासून शेवटचं असं काय शिकलात, ज्याने तुमचा हात बदलला? माहिती वाढली असं नको, हात बदलला असं हवं. आणि ते कुठे शिकलात?

पेठेतला_दवाखाना

ताई, हे लिहायला धीर लागतो.

मी पुण्यात फक्त कुत्र्या-मांजरांचं काम करतो, १२ वर्षं झाली. आमच्याकडे शिकण्याची वानवा नाही, उलट गर्दी आहे. आठवड्याला दोन वेबिनार. त्यातले बरेचसे खाद्य किंवा औषध कंपन्यांच्या खर्चाने होतात. वक्ते चांगले असतात, मी ऐकतो. पण शेवटची १० मिनिटं त्यांच्या उत्पादनावर जातात आणि सकाळी मी तेच लिहून देतोय का, हे मला स्वतःला तपासावं लागतं.

हात बदलला तो सोनोग्राफीने. त्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा केली होती. एक यंत्र, आम्ही २५-३० जण. माझ्या वाट्याला प्रोब आला तो जेमतेम पाच-सहा मिनिटं. प्रमाणपत्र मिळालं, पण परत आल्यावर यकृत आणि प्लीहा ओळखताना घाम फुटायचा. मग एका सीनियर मॅडमना विनंती केली. आठ महिने दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन उभा राहिलो. त्या आधी मला बघू द्यायच्या, काय दिसतंय ते बोलायला लावायच्या आणि मग स्वतः प्रोब धरायच्या. कार्यशाळेचे पैसे फुकट गेले असं म्हणणार नाही, पण शिकलो ते त्या रविवारांत.

अजून एक. मांजरांचं वैद्यक मी जवळजवळ सगळं कॉलेजनंतर शिकलो. घरच्या माणसांनी तापावर अर्धी पॅरासिटामॉल दिलेलं मांजर, कुत्र्याचं परमेथ्रिनचं पिसवांचं औषध लावलेलं मांजर, या दोन्ही केसेस मी पहिल्या वर्षी पाहिल्या आणि दोन्हींत माझा वेळ गेला. मांजराचं यकृत ही औषधं कुत्र्यासारखी हाताळू शकत नाही, हे वाक्य परीक्षेत लिहिलं होतं. टेबलावर मांजर आलं तेव्हा ते वाक्य कामाला यायला उशीर लागला.

निवृत्त_पशुधन_अधिकारी

मी १९७८ साली सेवेत आलो. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. डोळे साथ देतात तोवर वाचतो.

आमच्या पिढीने बुळकांडी पाहिली. तोंडातल्या पेशी सुटणं, तो वास, गोठ्यांमागून गोठे रिकामे होणं. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त म्हणून मान्य झाला आणि २०११ मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. आज पदवी घेणाऱ्या मुलाने ती पाहिलेली नाही, पाहायला लागूही नये. याचीच दुसरी बाजू सांगतो. लंपी आमच्या काळी आफ्रिकेतला रोग म्हणून दोन ओळींत संपायचा. २०१९ मध्ये तो ओडिशात आढळला आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातून लाट उठली, तेव्हा ३० वर्षं नोकरी केलेला आणि तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेला, दोघेही एकाच बाकावर होते. पदवी घेताना जे रोग शिकलो तेवढेच निवृत्तीपर्यंत भेटतील, असं या व्यवसायात होत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझा हात बदलला तो शवविच्छेदनाने. माझे पहिले वरिष्ठ अत्यंत कडक. त्यांचा नियम असा की आपल्या उपचाराखाली जनावर दगावलं तर मालकाची परवानगी घेऊन उघडायचंच. फक्त फाशीची (अँथ्रॅक्स या रोगाची) शंका असेल तर उघडायचं नाही, कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेऊन आधी ते पाहायचं. अशाने मी पोटफुगी म्हणून चार दिवस उपचार केलेल्या गाईच्या जाळीदार पोटात तार पाहिली, हृदयाच्या आवरणापर्यंत गेलेली. त्यानंतर गाय कोपर बाहेर काढून उभी असली, उतारावर चालायला कुरकुरत असली की माझा हात आपोआप पाठीचा कणा दाबून पाहायला जाई. कोणत्याही व्याख्यानाने तो गेला नसता.

आता शवविच्छेदन होतं ते बहुतेक विम्याच्या दाव्यापुरतं. हे मला खटकतं.

वेल्सची_कुरणं

मी मूळचा सांगलीचा. पदवी आपल्याकडचीच. इथे ब्रिटनमध्ये काम करायला रॉयल कॉलेजची, म्हणजे इथल्या पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेची, परीक्षा द्यावी लागली, तेव्हा सगळं वैद्यक पुन्हा वाचलं. गेली ९ वर्षं वेल्समध्ये गाईमेंढ्यांच्या दवाखान्यात आहे.

इथे व्यवसायातल्या प्रत्येक पशुवैद्याला वर्षाला ३५ तास शिक्षणाची नोंद ठेवावी लागते. आधी ३ वर्षांत १०५ तास असा हिशोब होता, जानेवारी २०२०पासून वर्षागणिक झाला. पण मला उपयोगी वाटलेली गोष्ट तासांची नाही. २०२२पासून प्रत्येक नोंदीखाली तुम्ही काय विचार केलात ते लिहावं लागतं. हे का शिकलो, माझ्या कामात काय बदललं, काय बदलणार नाही. चार ओळी पुरतात. पहिले सहा महिने मी त्या चार ओळी रेटून लिहिल्या. मग एकदा जुन्या नोंदी चाळताना दिसलं की वर्षभर मी फक्त मला आवडणाऱ्या विषयांचे, म्हणजे प्रजननाचे, कार्यक्रम केले होते. मेंढ्यांच्या खुरांच्या आजारांत मी कच्चा होतो आणि तिकडे फिरकलोच नव्हतो. पुढच्या वर्षी ठरवून तेच घेतलं.

व्याख्यानंच मोजली जातात असंही नाही. सहकाऱ्याशी केसवर केलेली चर्चा, वाचन, दुसऱ्याच्या दवाखान्यात जाऊन पाहणं, सगळं धरतात. आमच्याकडे महिन्यातून एकदा दुपारी सगळे डॉक्टर आणि नर्स बसतो आणि बिघडलेली एक केस मांडतो. दोष कुणाचा हे विचारायचं नाही, काय घडलं तेवढंच क्रमाने सांगायचं. ताई, तुमची म्हैस तिथे मांडली असती तर दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी विचारलं असतं, "फळी होती का?" एवढ्यासाठी १९ वर्षं थांबावं लागलं नसतं.

दुधाळ_वाडा

मी डॉक्टर नाही. माझ्याकडे ९ एचएफ गाई आहेत, नवरा आणि मी मिळून बघतो. इथं बोललेलं चालेल ना?

ताई, त्या बाईंनी चहा विचारला हे वाचून मला माझीच गाय आठवली. आम्ही डॉक्टरांना बोलत नाही, कारण रात्री दुसरं कोण येतं?

पण आमच्या बाजूनं एक सांगते. डॉक्टरांनी नवीन शिकून आल्यावर आम्हाला पण सांगावं. आमच्याकडं गाईची वार पडली नाही की सगळे म्हणतात डॉक्टर बोलवा, ओढून काढा. मागच्या वर्षी एक नवीन डॉक्टर आले. ते म्हणाले मी हातानं काढणार नाही. लोंबती वार कापली, ताप मोजला, रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून मला फोनवर सांगायचं म्हणाले. सासऱ्यांना राग आला, पैसे घेऊन कामच केलं नाही म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांना बोलवून वार काढून घेतली. ती गाय पुढं पाच महिने माजावर आली नाही, पू येत राहिला. नंतर दुसऱ्या गाईच्या वेळी पहिल्या डॉक्टरांचं ऐकलं. सहाव्या दिवशी वार आपोआप पडली, ताप आला नाही.

आता तुम्ही सांगा, कोण बरोबर? दोघांच्याही पाटीवर पदवी तीच आहे.

माणदेशी_पशुवैद्य

बोललेलं चालेल काय, तुमच्यासाठीच तर हे सगळं आहे.

ते नवीन डॉक्टर बरोबर होते. मीही अनेक वर्षं वार ओढून काढली आहे. परदेशात तसं शिकवलं जाणं केव्हाच थांबलं. वार अजून गर्भाशयाच्या गाठींना घट्ट धरलेली असताना ओढली की आतलं अस्तर फाटतं, तुकडे मागे राहतात आणि जंतूंना वाट मिळते. ताप आला, गाय खाईना, तर अंगात जाणारं प्रतिजैविक द्यायचं. ताप नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. पण लक्ष ठेवण्याचे पैसे कुणी देत नाही आणि ओढण्याचे देतात. हेही मान्य करते की मालकाचा आग्रह मोडायला जी खात्री लागते ती माझ्यात नव्हती, कारण मी स्वतः त्यावर नीट वाचलंच नव्हतं.

याला आणखी एक बाजू आहे. माझ्या बॅचच्या एका मित्राला सहा महिने ताप येत-जात होता, सांधे धरले होते. टायफॉईड म्हणून दोनदा उपचार झाले. शेवटी ब्रुसेलोसिस निघाला, जनावरांकडून माणसाला लागणारा आजार. तो वार हातमोज्याशिवाय काढायचा. ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना टोचताना सुई स्वतःला लागली तरी हा आजार होऊ शकतो. आम्ही मोहिमेत शेकडो कालवडी टोचतो. चष्मा आणि मोजे घालून काम कसं करायचं, सुई लागली तर पहिल्या तासात कुठे जायचं, हे प्रत्येक मोहिमेआधी अर्धा तास तरी सांगितलं गेलं पाहिजे.

खडू_आणि_स्टेथो

मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवते, औषधशास्त्र. माझ्या विषयातलं शिक्षण किती वेगाने जुनं होतं ते सांगते, म्हणजे हा प्रश्न फक्त शस्त्रक्रियेचा नाही हे लक्षात येईल.

२००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर बंदी आली. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं होतं. तोवर गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या होत्या. त्यानंतर व्यवसायातल्या अनेकांनी काय केलं? किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅककडे वळले. ॲसिक्लोफिनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकमध्येच बदलतं. २०२३ मध्ये या दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली. त्यानंतर निमेसुलाइडवरही आली. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही गिधाडांना सुरक्षित ठरलेली औषधं आज सहज मिळतात. खाद्यासाठीच्या जनावरांत कोलिस्टिन २०१९ पासून बंद आहे, कारण माणसांत ते शेवटच्या फळीचं प्रतिजैविक आहे.

आता विचार करा, २००३ साली पदवी घेतलेल्या डॉक्टरने वहीतलं तेवढंच धरून ठेवलं तर त्याच्या बॅगेतल्या किती बाटल्या आज बेकायदा ठरतील. मी एका प्रशिक्षणात सगळ्यांना आपापली बॅग आणायला सांगितली होती. व्याख्यान दिलंच नाही. एकेक बाटली टेबलावर ठेवून लेबल वाचलं: घटक कोणता, दूध किती दिवस काढून टाकायचं, कोणत्या जनावराला चालत नाही. चार तास गेले. इतका जागा असलेला वर्ग मी नोकरीत पाहिला नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २०२४ मध्ये प्रमाणित उपचार मार्गदर्शिका काढली आहे. तीही अशीच, एक केस समोर ठेवून वाचावी. नाहीतर फाइल मोबाइलमध्ये राहते.

काचपट्टी

मी पशुधन पर्यवेक्षक. पदविका आहे, २२ वर्षं सेवा. हा धागा वाचताना एक गोष्ट सलली म्हणून लिहितो.

प्रशिक्षण म्हटलं की यादीत पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी डॉक्टर असतात. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे आम्ही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देतो, हे मला पाठ आहे आणि मान्यही आहे. पण डॉक्टरांकडे तीन-तीन दवाखान्यांचा चार्ज असतो तेव्हा सकाळी दारात गाय उभी राहते ती माझ्यासमोर. डॉक्टर फोनवर विचारतात, "काय दिसतंय?" मला नीट बघायला शिकवलं असेल तर मी नीट सांगेन.

माझा हात बदलला तो रक्तपट्टीने. आधीच्या डॉक्टर साहेबांनी दवाखान्यात एक जुना मायक्रोस्कोप दुरुस्त करून घेतला आणि रक्ताचा थेंब काचेवर कसा ओढायचा, जिम्सा या रंगाने तो कसा रंगवायचा, गाठ आलेल्या गाईच्या लिम्फ नोडमधून सुईने द्रव कसा घ्यायचा हे शिकवलं. त्याआधी गोचीड असलेली, ताप आलेली संकरित गाय म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक, असं ठरलेलं. तीन दिवस वाया जायचे, गाय पांढरी पडायची. आता मी पट्टी काढून फोटो पाठवतो. थायलेरिया, म्हणजे गोचिडांतून येणारा रक्तातला परजीवी, दिसला तर साहेब त्याच दिवशी त्यावरचं बुपारव्हाक्वोन देतात. औषध महाग आहे, म्हणून पट्टी न बघता मालकाला सांगायची हिंमतही होत नाही.

साहेबांची बदली झाली. मायक्रोस्कोप आहे. नवीन साहेबांना तो लागत नाही.

वेल्सची_कुरणं

दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या बैठकीत सांगणार आहे. शिक्षण माणसाबरोबर निघून जातं, दवाखान्यात राहत नाही.

आमच्याकडे गाईंची क्षयाची चाचणी करायला पदवी पुरत नाही, वेगळं प्रशिक्षण आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणी असते. मानेवर दोन ठिकाणी टोचायचं, कॅलिपरने कातडीची जाडी मोजायची, ७२ तासांनी पुन्हा मोजायची. काम सोपं आहे. पण मोजणारा ढिला पडला तर कळपाचा निकाल चुकतो, म्हणून सोप्या कामालाही पुन्हा पुन्हा शिकवतात.

पेठेतला_दवाखाना

मग आपल्याकडे सक्ती करावी का? महाराष्ट्रात माणसांच्या डॉक्टरांना परवान्याच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० गुण जमवावे लागतात. आपलंही नूतनीकरण ५ वर्षांनीच होतं. माझं मत सक्तीच्या बाजूने झुकतं, पण भीतीही वाटते. माणसांच्या डॉक्टरांच्या परिषदांत सही करून जेवून जाणारे मी पाहिले आहेत.

खडू_आणि_स्टेथो

मी सक्तीच्या बाजूने आहे, एका अटीवर. निम्मे गुण हाताच्या कामाला आणि केसचर्चेला मिळाले पाहिजेत, आणि ते तालुक्यातच मिळवता आले पाहिजेत. गडचिरोलीच्या टोकाला एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या मुलीला नागपूरला तीन दिवस बोलावलं तर ते तीन दिवस तिथली जनावरं कुणी बघायची? बदली डॉक्टर न देता केलेली सक्ती तिला शिक्षा होईल. परळचं कॉलेज १८८६चं, नागपूरचं १९५८चं. शिवाय परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला. शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे कमी नाहीत. त्यांची माणसं महिन्याला एक दिवस तालुक्याच्या दवाखान्यात येऊन उभी राहिली, तर आम्हा शिकवणाऱ्यांचंही शिक्षण होईल. गेल्या दहा वर्षांत मी स्वतः गोठ्यात किती वेळा गेले हे मोजलं, तर आकडा सांगावासा वाटणार नाही.

निवृत्त_पशुधन_अधिकारी

बाई, तुम्ही शेवटी लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे.

सक्तीविषयी माझा अनुभव असा की वरून आलेल्या प्रशिक्षणात माणूस कोपऱ्यात बसतो आणि स्वतःचा प्रश्न घेऊन गेला तर पुढे बसतो. लंपीच्या वेळी हे उघड दिसलं. मी निवृत्त असूनही तेव्हा मदतीला जात होतो. रोज रात्री नऊला ऑनलाइन बैठक व्हायची. शेळ्यांच्या देवीची लस गाईला किती आणि कशी द्यायची, व्रणातल्या अळ्या कशा काढायच्या, घशात गाठी असलेल्या वासराला कसं पाजायचं. दिवसभर जे अडलं तेच रात्री विचारलं जाई आणि सकाळी करून बघितलं जाई. तेव्हा कुणाला हजेरी घ्यावी लागली नाही. साथ ओसरली आणि बैठकाही बंद झाल्या. मला वाटतं त्या बंद करायला नको होत्या.

दुधाळ_वाडा

खडू मॅडम, बाटल्यांचं तुम्ही लिहिलंत ना, तसं एकदा आमच्या डेअरीवर पण करा. आमच्या कपाटात पण बाटल्या असतात, मेडिकलवाल्यानं दिलेल्या. कासदाहाची ट्यूब सोडल्यावर किती वेळ दूध घालायचं नाही, हे मला इतक्या वर्षांत एकाच डॉक्टरांनी सांगितलं. बाकीच्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

माणदेशी_पशुवैद्य

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सक्ती व्हायची तेव्हा होवो, तोवर आमच्या तालुक्यापुरतं एक ठरवलं आहे, ते इथे लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी तीन ते पाच, आमच्या दवाखान्यात. सरकारी, खासगी, दूध संघाचे, पर्यवेक्षक, सगळे. प्रत्येक वेळी एकाने आपली बिघडलेली एक केस मांडायची. मालकाचं आणि गावाचं नाव घ्यायचं नाही, दोष काढायचा नाही. दुसरा तास हाताच्या कामाचा. पहिल्या गुरुवारी केस माझीच, ती म्हैस. सुताराकडून दहा फुटी फळी करून घेतली आहे, कडा गोल करून, म्हणजे कुशीला लागणार नाही. पोत्यात पेंढा भरून त्यावर कोण कुठे उभं राहतं ते आधी करून बघू. जनावरावर नंतर.

दुसऱ्या महिन्यात बॅगा आणायच्या, लेबलं वाचायची. तिसऱ्या महिन्यात रक्तपट्टी. काचपट्टी दादा, तुमचा तालुका जवळचा असेल तर शिकवायला याल का? जाण्यायेण्याचा खर्च आम्ही वर्गणीतून देऊ. डॉक्टर शिकतील आणि पर्यवेक्षक शिकवतील, याला आमच्यातल्या दोघांनी कुरकुर केली. त्यांना मी सांगितलं की मला गेल्या चार वर्षांत स्वतः रंगवलेल्या एकाही पट्टीत थायलेरिया ओळखता आलेला नाही.

आणि शवविच्छेदनाबद्दल सर, तुमचा नियम माझ्या दवाखान्यात या महिन्यापासून लागू केला आहे. पहिल्याच गाईत माझं निदान चुकलेलं निघालं. न्यूमोनिया समजत होते, यकृताला गळू होतं. मालकाला दाखवलं आणि सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, दुसरीला पण हेच झालं असेल का? त्याच्या चाऱ्यात पशुखाद्याचं प्रमाण किती, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

काचपट्टी

येतो मॅडम. ४० किलोमीटर आहे, एसटीने दीडला पोचेन. खर्च नको. जिम्सा आणि मिथेनॉल माझ्याकडे आहे, काचा तेवढ्या नव्या आणून ठेवा. जुन्या काचांवर चरे असतात, त्यात रंग साचतो आणि नवशिक्याला तेच परजीवी वाटतात. मायक्रोस्कोपचं तेलाचं भिंग आधी झायलीनने पुसून ठेवा. आणि जमलं तर आदल्या दिवशी ताप आलेल्या एखाद्या गाईची पट्टी काढून ठेवा. ताजी असली की शिकवायला बरं पडतं.